केबिन कुणाला द्यायची? ऑफिसची मांडणी, खासगी खोल्या आणि मानाचा हिशेब

नव्या ऑफिसचा नकाशा टेबलावर पसरला की प्रत्येक जण आधी आपलं नाव शोधतो. मग शेजारी कोण आलंय ते बघतो आणि त्यानंतर त्याची नजर खिडक्यांकडे आणि दरवाजांकडे जाते. एसी कुठे, प्रिंटर कुठे, हे सगळं मागाहून. ऑफिसं हलवण्याच्या आणि नव्याने मांडण्याच्या कामात बरीच वर्षं घालवल्यावर हे दृश्य मला सवयीचं झालं आहे. याला मी लोकांचा हट्ट म्हणत नाही. दिवसाचे आठ-नऊ तास आपण जिथे बसतो, ती जागा इथे आपल्याला काय किंमत आहे हे रोज न बोलता सांगत असते.

याचा एक चांगला पुरावा आहे. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका विमा कंपनीतल्या १९८ कर्मचाऱ्यांच्या खोल्यांची डागडुजी चालू होती. तेवढ्या दिवसांपुरतं त्यांना दुसऱ्यांच्या खोल्यांत बसवलं: काहींना आपल्याहून वरच्या दर्जाच्या, काहींना बरोबरीच्या, काहींना खालच्या. कुणी कुठे बसायचं ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. काम तेच, पगार तोच. तरीही वरच्यांच्या खोलीत बसलेल्यांचं काम वाढलं, खालच्यांच्या खोलीत गेलेल्यांचं घटलं, आणि दर्जातला फरक जितका मोठा तितका हा बदलही मोठा होता.

म्हणून मी एक गोष्ट धरून चालतो. केबिन कामाच्या गरजेप्रमाणे द्यावी आणि ज्याची केबिन जाते त्याच्या मानाचा वेगळा हिशेब करावा. बहुतेक ठिकाणी गरज आणि मान एकाच दरवाजाला अडकवलेले असतात. त्यामुळे दिवसभर बाहेर फिरणाऱ्याला सर्वात मोठी खोली मिळते आणि ज्याला शांतता हवी तो रस्त्याकडेला बसावं तसा पॅसेजच्या कडेला बसतो. पुढच्या पायऱ्या या दोन गोष्टी सोडवून घेण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: दोन आठवडे नुसतं बघा

आर्किटेक्टला फोन करण्याआधी सध्याच्या ऑफिसची पाहणी करा. दिवसातून चार ठरावीक वेळा फेरी मारायची आणि तक्त्यात प्रत्येक जागेपुढे एकच खूण करायची: माणूस जागेवर आहे, जागेवर आहे पण फोनवर आहे, कुणाशी तरी बोलतो आहे, की जागा रिकामी आहे. फेरीचा उद्देश सगळ्यांना आधी सांगा. लपूनछपून मोजदाद केली तर पुढची दोन वर्षं कुणी तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

पाहणीत जवळपास प्रत्येक वेळी एक गोष्ट दिसते. केबिनी रिकाम्या असतात. वरच्या पदावरची माणसं बैठकांत, दौऱ्यावर किंवा दुसऱ्याच्या केबिनीत असतात. मीटिंग रूमची मात्र मारामार असते आणि दहा जणांच्या खोलीत दोघं जण बसलेले असतात. हे आकडे हातात आले की पुढची भांडणं निम्मी होतात, कारण मग ‘मला वाटतं’ विरुद्ध ‘मला वाटतं’ असा सामना उरत नाही.

सोबत प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. आठवड्यातून किती तास सलग, न थांबता एका कामात डोकं घालावं लागतं? दुसऱ्याच्या कानावर जाऊ नये असं बोलणं किती तास असतं? दिवसातून अनेकदा कुणाकडे उठून जावं लागतं? तिसऱ्या प्रश्नाचं मोल लोकांना उशिरा कळतं. एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी अभियंत्यांचा अभ्यास करून दाखवलं की दोन माणसांच्या जागांमधलं अंतर वाढलं की त्यांचं कामाबद्दलचं बोलणं झपाट्याने कमी होतं आणि ५० मीटरच्या पलीकडे ते जवळजवळ आटतं. मजला बदलला तर आणखीच.

दुसरी पायरी: मानाचा नकाशा काढा

जुन्या ऑफिसच्या नकाशाची एक प्रत घ्या आणि त्यावर दर्जाच्या खुणा लाल पेनाने लिहा. खोलीचा आकार आणि खिडकी या ढोबळ खुणा झाल्या. त्यापुढे जा. कुणाच्या टेबलापुढे पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या आहेत आणि कुणाकडे एकही नाही? कुणाची खुर्ची उंच पाठीची आहे? कुणाच्या दारावर पाटी आहे? कुणाकडे जाताना आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागतं? आणि पॅसेजकडे पाठ करून कोण बसतं, म्हणजे येणाराजाणारा कुणाच्या स्क्रीनमध्ये डोकावू शकतो?

शेवटची खूण मला सर्वात बोलकी वाटते. कुठल्याही ऑफिसात सर्वात कनिष्ठ माणसाची पाठ वाटेकडे असते. त्याला कोण आलं ते दिसत नाही, पण तो काय करतोय ते सगळ्यांना दिसतं. दिवसभर मान थोडी आखडून बसलेला असा माणूस बघितला की मी त्याचं टेबल आधी फिरवतो. त्याला खर्च लागत नाही, नव्वद अंशांत टेबल वळवलं की काम होतं.

हा नकाशा वरिष्ठांपुढे ठेवा आणि विचारा: यातलं काय राहावं असं तुम्हाला वाटतं? काही खुणा राहायला हरकत नसते. पण त्या ठरवून राहाव्यात, चालत आल्या म्हणून नव्हे.

तिसरी पायरी: केबिनीचा नियम लिहून काढा

नियम नावांच्या आधी लिहायचा. नावं समोर असताना लिहिलेला नियम कुणाच्या तरी मापाने बेतलेला निघतो.

माझा नियम साधा आहे. आठवड्यातला निम्म्याहून जास्त वेळ गोपनीय बोलण्यात जात असेल तर केबिन. निम्म्याहून जास्त वेळ सलग एकाग्रतेचं काम असेल तर केबिन, नाहीतर दोघांत-तिघांत मिळून एक शांत खोली. नोकरीची वर्षं, पगार आणि हुद्दा यांना या नियमात जागा नाही. नियम लावून बघितला की एचआरमधली तक्रारी ऐकणारी व्यक्ती, कायद्याचे मसुदे लिहिणारा, प्रोग्रॅमर, संपादक यांची नावं वर येतात आणि काही विभागप्रमुखांची खाली जातात.

एकाग्रतेच्या कामाला खोली देणं ही चैन नव्हे. आयबीएमने १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात सांता तेरेसा इथे प्रोग्रॅमरांसाठी इमारत बांधताना आधी त्यांच्या कामाचा अभ्यास केला. माणशी १०० चौरस फूट स्वतंत्र जागा, ३० चौरस फूट टेबल आणि आवाज अडवणारी बंद खोली किंवा सहा फूट उंच पार्टिशन, असा किमान हिशेब त्यातून निघाला. तो प्रत्येक प्रोग्रॅमरसाठी होता.

‘पण मला गोपनीय बोलावं लागतं’ हा युक्तिवाद प्रत्येक व्यवस्थापक करतो आणि तो खराही असतो. प्रश्न किती तासांचा, एवढाच. आठवड्याला तीन तास असेल तर त्याला दोघं-तिघं बसतील अशी बंद खोली जवळ हवी, जी रिकामी असली की कुणीही वापरू शकतं. हॉलमध्ये बसणाऱ्या दर आठ-दहा जणांमागे अशी एक छोटी खोली, हे माझं अनुभवाचं माप आहे. केबिनी काढून या खोल्या दिल्या नाहीत तर लोक जिन्यात उभे राहून फोन करतात.

सगळ्यांना मोकळ्या हॉलमध्ये बसवलं की आपोआप बोलणं वाढेल, या आशेवर मात्र निर्णय घेऊ नका. इथन बर्नस्टाइन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत माणसांच्या अंगावर सेन्सर लावून मोजलं. भिंती गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. सगळे बघताहेत म्हटल्यावर लोक हेडफोन लावून खाली मान घालतात. उलट टोकाचं उदाहरणही आहे. स्टॉकहोमजवळ एसएएस या विमान कंपनीचं मुख्यालय नील्स तोर्प यांनी १९८० च्या दशकात बांधलं, त्यात जवळपास प्रत्येकाला स्वतंत्र खोली होती आणि सगळ्या इमारतींना जोडणारा काचेच्या छताचा एक रस्ता आतून जात होता. एकटं काम खोलीत, भेटीगाठी रस्त्यावर. जागा परवडत असेल तर मानाचा प्रश्न याहून सरळ कुठल्याच मांडणीत सुटत नाही.

चौथी पायरी: खिडक्या हॉलला, केबिनी आतल्या बाजूला

जुनी पद्धत म्हणजे केबिनींची रांग खिडक्यांना लावून आणि बाकीचे सगळे मध्ये, ट्यूबलाइटखाली. ती उलटी करा. केबिनी इमारतीच्या आतल्या गाभ्याला चिकटवा, त्यांची हॉलकडची बाजू काचेची ठेवा आणि खिडक्यांच्या कडेने टेबलं लावा. सर्वांना उजेड मिळतो आणि केबिनीचा निम्मा रुबाब, जो खरं तर खिडकीचा असतो, तो सर्वांत वाटला जातो. मग केबिन मागायला तेच येतात ज्यांना ती खरोखर हवी असते. टेबलं खिडकीला काटकोनात ठेवा, म्हणजे स्क्रीनवर चमक येत नाही आणि डोळ्यांवर थेट उजेडही नाही. लिहिण्या-वाचण्याच्या जागी ५०० लक्स प्रकाश हे युरोपीय मानकातलं माप आहे.

जागेच्या मापांसाठी काही देशांचे नियम हाताशी ठेवावेत. जर्मनीत पहिल्या माणसासाठी किमान ८ चौरस मीटर आणि त्याच खोलीतल्या पुढच्या प्रत्येकासाठी आणखी ६. ब्रिटनमध्ये माणशी ११ घनमीटर, आणि ते मोजताना छताची उंची ३ मीटरपेक्षा जास्त धरायची नाही. व्हीलचेअर वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. ती केबिनीतही हवी, नाहीतर ती केबिन कुणाला कधीच मिळणार नाही हे तुम्ही भिंत बांधतानाच ठरवून टाकता.

फोनवर बोलणारे विभाग एका टोकाला, डोकं घालून बसणारे दुसऱ्या टोकाला, आणि प्रिंटर, कपाटं, वाटा मध्ये. यावर फार वेळ घालवायला लागत नाही.

पाचवी पायरी: आवाज

इथे मात्र वेळ घाला, कारण बहुतेक नव्या ऑफिसांचं नुकसान इथेच होतं. किम आणि डी डिअर यांनी २०१३ मध्ये ४२ हजारांहून जास्त लोकांची मतं तपासली. मोकळ्या मांडणीत सहज बोलता येण्याचा फायदा आवाजाच्या आणि हरवलेल्या एकांताच्या तोट्यापेक्षा कमी भरला.

आधी केबिन. कितीही महागडी असो, भिंत फॉल्स सीलिंगपाशी थांबली असेल तर त्या केबिनीत गुप्त काही राहत नाही. सीलिंगच्या वरची पोकळी सलग असते. आतलं बोलणं टाइलमधून वर जातं आणि शेजारच्या खोलीत खाली उतरतं. म्हणून गोपनीय कामाच्या खोलीची भिंत वरच्या स्लॅबपर्यंत न्या आणि तसं ड्रॉइंगवर शब्दांत लिहा, कारण न लिहिलेलं काम ठेकेदार सीलिंगला थांबवतो. जिप्सम बोर्डाच्या मध्ये रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी दगडी लोकर, भरून घ्या. दोन खोल्यांचे स्विचबॉक्स भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बसवू देऊ नका. दरवाजाखालची बोटभर फट बंद करणारी पट्टी लावा. एसीची परतीची हवा दोन्ही खोल्यांतून एकाच पोकळीत जात असेल तर जाळीमागे आवाज शोषणारं वळण हवं.

मग परीक्षा घ्या, रंग लागायच्या आधी. एकाला आत बसवून नेहमीच्या आवाजात बातमी वाचायला सांगा. दुसऱ्याने बाहेर सर्वात जवळच्या टेबलावर कागद-पेन घेऊन ऐकू येईल ते लिहायचं. नुसती गुणगुण आली तर ठीक. कागदावर शब्द उतरले तर ती खोली अजून तयार नाही, बिल थांबवा.

हॉलमध्ये त्रास आवाजाच्या मोठेपणाचा कमी आणि शब्द कळण्याचा जास्त असतो. पंख्याची घरघर मेंदू बाजूला सारतो, शेजाऱ्याचं वाक्य सारू शकत नाही. त्यातही फोनवरचं एकतर्फी बोलणं सर्वात जास्त लक्ष खेचतं, कारण उरलेली अर्धी बाजू आपलं डोकं भरून काढायला बघतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी हे २०१० मध्ये प्रयोगाने दाखवलं. हॉलसाठी आयएसओ ३३८२-३ हे मानक आहे. बोलणाऱ्यापासून किती अंतरावर शब्दांची स्पष्टता पुरेशी मावळते ते त्यात मोजतात. साधारण ५ मीटरच्या आत मावळत असेल तर हॉल चांगला, १० मीटरच्या पुढे जात असेल तर वाईट.

हे साधण्याचा क्रम असा ठेवा: आधी आवाज शोषणारं छत, मग पार्टिशन, मग गरज पडली तर पार्श्वध्वनी, म्हणजे शब्द झाकण्यासाठी स्पीकरवरून मुद्दाम सोडलेला संथ, एकसारखा आवाज. बसलेल्या माणसाचं डोकं सव्वा मीटरच्या आसपास येतं, त्यामुळे त्याहून बुटकी पार्टिशनं बोलणं अडवत नाहीत. १.४ ते १.५ मीटरची अडवतात, पण छत कडक असेल तर आवाज वरून आपटून पलीकडे पोचतोच. पार्श्वध्वनी ४५ डेसिबलच्या आसपास ठेवतात. त्याहून फार वर गेला की त्याचाच त्रास सुरू होतो.

सहावी पायरी: ज्यांचं काही जाणार आहे त्यांच्याशी आधी बोला

एका स्थलांतरात हिशेब विभागाच्या प्रमुखांची केबिन गेली. आमच्या नियमाने ते बरोबर होतं. नकाशा फलकावर लावला होता, ईमेलही गेला होता. हलवाहलवीच्या आदल्या संध्याकाळी मी खोके मोजत फिरत होतो, तेव्हा ते हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन दारावरची पितळी पाटी काढत होते. चारही स्क्रू त्यांनी एका पाकिटात टाकले, पाटी रुमालाने पुसली आणि मला विचारलं, “ही आता कुठे लावायची?” नव्या हॉलमध्ये पाटी लावायला भिंतच नव्हती. केबलचा प्रत्येक मीटर आम्ही मोजला होता आणि या पाटीचा विचार कुणाच्याही मनात आला नव्हता. ते मला लागलं. साहेबांनी तक्रार कधीच केली नाही. फक्त पुढे ते बैठकीत बोलेनासे झाले.

तेव्हापासून मी क्रम बदलला. नियमाने ज्यांची केबिन, खिडकी किंवा मजला जाणार आहे, त्यांची यादी आधी करतो. प्रत्येकाशी त्याचे वरिष्ठ एकटे, समोरासमोर बोलतात, आणि नकाशा सर्वांपुढे यायच्या किमान आठवडाभर आधी बोलतात. बोलताना तीन गोष्टी सांगायच्या: नियम काय आहे, तो सर्वांना कसा लागला, आणि तुमचा हुद्दा, अधिकार, सही यांत काहीही बदल नाही. ‘आता सगळे समान’ असलं वाक्य टाळा. समोरच्याला त्यातून फक्त ‘तुम्ही खाली आलात’ एवढंच ऐकू येतं.

मग जे गेलं त्याच्या बदल्यात काय देता येईल ते विचारा, आणि खरोखर विचारा. कुणाला जागेची पहिली निवड हवी असते, कुणाला भिंतीकडे पाठ, कुणाला पुस्तकांचं कपाट, कुणाला पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या. नावाची पाटी प्रत्येक टेबलाला द्या, सर्वात नव्या माणसालाही. निवडीचा परिणाम कामावरही दिसतो. क्रेग नाइट आणि ॲलेक्स हॅस्लम यांच्या २०१० च्या प्रयोगांत स्वतःची जागा स्वतः सजवू दिलेल्यांनी रिकाम्या, रुक्ष खोलीत बसलेल्यांपेक्षा सुमारे ३२ टक्के जास्त काम केलं. सजवू देऊन नंतर कुणी येऊन ती मांडणी मोडली, तेव्हा तो फायदा निघून गेला. म्हणून टेबलावर फोटो ठेवू नका, झाड ठेवू नका असले फतवे काढू नका.

अपवादाचं काय? पहिला अपवाद झाला की नियम संपला. आणि पहिला अपवाद नेहमी सर्वात वरून येतो. न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग २००२ मध्ये सिटी हॉलमधल्या मोकळ्या हॉलमध्ये सहकाऱ्यांच्या मध्ये टेबल लावून बसले, त्यामुळे बाकी कुणाला खोली मागायला तोंड राहिलं नाही. संस्थेचे प्रमुख हॉलमध्ये बसणार नसतील तर ते त्यांनी आधीच, कारणासह सांगावं. हॉलमध्ये टेबल ठेवून रोज एकच मीटिंग रूम अडवून बसणं याहून वाईट, कारण तिथे केबिन असते आणि ती आहे असं कुणी म्हणू शकत नाही.

कुणाचीच जागा ठरलेली नको, असं वाटत असेल तर

चियाट-डे या जाहिरात कंपनीने १९९० च्या दशकात सर्वांची टेबलं काढून टाकली होती. सकाळी येऊन फोन आणि लॅपटॉप घ्यायचा आणि मिळेल तिथे बसायचं. काही वर्षांत ते गुंडाळावं लागलं. लोकांना कागद ठेवायला जागा नव्हती आणि सहकारी सापडत नव्हते. अर्धी माणसं अर्धा आठवडा घरून काम करत असतील तर सामायिक टेबलं जमतात, पण तेव्हाही विभागाची एक ओळखीची पट्टी ठेवा, प्रत्येकाला कुलपाचा कप्पा द्या, आणि रोज येणाऱ्याला त्याचं ठरलेलं टेबल द्या.

शेवटची पायरी: तीन महिन्यांनी पुन्हा फेरी

फर्निचरच्या खर्चातला दहावा हिस्सा पहिल्या दिवशी खर्च करू नका. तीन महिन्यांनी लागतो. कुठल्या छोट्या खोलीत कुणाचा चार्जर आणि शाल कायमची पडलेली आहे ते बघा. त्या माणसाला दटावण्याआधी त्याला त्याच्या टेबलावर काय मिळत नाही ते विचारा. कुठली केबिन आठवड्याचे तीन दिवस बंद असते ते बघा आणि त्या दिवसांत ती इतरांना उघडी राहील असं तिच्या मालकाशी बोलून ठरवा. जिन्यात उभं राहून फोन करणारे दिसले तर बंद खोल्या कमी पडताहेत, राखलेल्या पैशांतून एक-दोन वाढवा. जागा बदलून हवी असेल त्यांची अदलाबदल याच वेळी करून टाका. फेरी जुन्याच तक्त्यावर, त्याच चार वेळांना मारा, म्हणजे आधीचा आणि नंतरचा कागद शेजारी शेजारी ठेवता येतील.